वाचकांचे प्रश्न : कोवळा घोडा पुन्हा कामाला केव्हा लावावा?

प्रश्न : माझ्या घोड्याने नुकतीच साडेतीन वर्षे पूर्ण केली आहेत. तीन वर्षांचा झाल्यावर त्याच्या पाठीवर प्रथम खोगीर चढवले आणि पुढचे दोन महिने आठवड्यातून पाच दिवस हलकी रपेट घेतली. त्यानंतर त्याच्या उजव्या पुढच्या पायाच्या नळीवर आतल्या बाजूने, गुडघ्याच्या चार बोटे खाली, बोराएवढी गाठ आली. ती हाताला गरम लागत होती आणि दुडकीत घोडा किंचित लंगडत होता. पशुवैद्यांनी एक्स-रे काढून हाड मोडलेले नाही असे सांगितले व विश्रांती द्यायला सांगितली. पाच आठवडे तो तबेल्यात होता आणि त्यानंतरचे साडेतीन महिने मोकळ्या कुरणात आहे. गाठ आता लहान आणि टणक झाली आहे, लंगडणे दिसत नाही. कुरणात तो शेपटी उभारून उधळतो, म्हणून आमचे चाबुकस्वार सांगतात की घोडा तयार आहे, उद्यापासून काम सुरू करा. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की चार वर्षे पुरी होईपर्यंत त्याला हात लावू नये. कोणाचे ऐकावे? आणि एवढ्या खंडानंतर तो शिकलेले विसरला असेल का?

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलांवरून मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण एक मत घोड्याच्या उत्साहावर आधारलेले आहे आणि दुसरे कॅलेंडरवर. घोडा कामाला लावायचा की नाही, हे त्याच्या शरीरातील जो भाग सर्वांत सावकाश तयार होतो, त्याला विचारून ठरवावे लागते. छाती आणि दम हे भाग सर्वांत लवकर परत येतात. काही आठवड्यांच्या नियमित चालीने घोडा धापा टाकणे सोडतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. हाडे, अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि पायाच्या मागच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) यांना मात्र महिने लागतात, आणि खुराची भिंत वरून खालपर्यंत नव्याने वाढायला तर नऊ महिने ते एक वर्ष जाते. त्यामुळे कोवळ्या घोड्याच्या बाबतीत नेहमी हाच घोटाळा होतो: दम आलेला असतो, पाय आलेले नसतात. कुरणातील उधळणे आपण पाहता ते दमाचे आणि मनाचे लक्षण आहे. शिवाय कुरणात तो पाठीवर ओझे न घेता धावतो, थकला की स्वतःच थांबतो आणि वळण स्वतः निवडतो. या तिन्ही गोष्टी स्वाराखाली त्याच्या हातात राहत नाहीत.

आता गाठीविषयी. घोड्याच्या पुढच्या पायातील नळीच्या मुख्य हाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक हाड असते. लहान वयात ही बारीक हाडे मुख्य हाडाला अस्थिबंधाने बांधलेली असतात आणि वय वाढते तसा तो बंध बहुधा हाडासारखा घट्ट होत जातो. आतल्या बाजूच्या बारीक हाडावर गुडघ्याकडून येणारा भार अधिक पडतो, म्हणून कठीण जमिनीवरील दुडकी, लहान वर्तुळात फिरवणे, अंगावर जास्त चरबी असणे किंवा दुसऱ्या पायाचा खूर लागणे, यांपैकी कोणत्याही कारणाने तो बंध ताणला जातो आणि शरीर त्या जागी नवे हाड घालून दुरुस्ती करते. आपण जी गाठ पाहता ती ही दुरुस्ती होय. ती कायम राहिली तरी सहसा काम अडत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा गाठ गुडघ्याच्या सांध्याला टेकलेली असते किंवा मागच्या बाजूला वाढून तिथून जाणाऱ्या अस्थिबंधाला घासते. चार बोटे खाली असल्याने पहिली शंका बरीच कमी होते. दुसरीचा निर्णय आपल्या पशुवैद्यांनी प्रत्यक्ष हात लावून द्यावा आणि त्यांची परवानगी मिळेपर्यंत खाली लिहिलेल्यापैकी काहीही सुरू करू नये.

गाठ बसली की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती शांतपणे करावी लागते. घोडा उभा असताना आधी दोन्ही पुढच्या पायांवरून कोरडा, उघडा तळवा गुडघ्यापासून खुरापर्यंत फिरवा. उष्णतेचा फरक बोटांपेक्षा तळव्याला लवकर कळतो. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडा, म्हणजे मागच्या कंडरा सैल पडतात, आणि अंगठ्याने गाठीवर हळूहळू दाब वाढवत न्या. डाव्या पायावर त्याच जागी तेवढाच दाब द्या. काही घोडे नुसत्या स्पर्शानेही पाय ओढतात, म्हणून डाव्या पायाची तुलना फार महत्त्वाची. दोन्ही पायांवर तो सारखाच उभा राहिला, उजव्या बाजूला कानही हलला नाही, आणि गाठीच्या कडा लोण्यासारख्या न लागता खड्यासारख्या लागल्या, तर जागा थंड झाली असे समजावे. ही परीक्षा एकदा करून भागत नाही. सलग दहा-बारा दिवस सकाळी एकाच वेळी करावी आणि त्याची नोंद ठेवावी.

यानंतर त्याला कठीण, सपाट जमिनीवर म्होरकीच्या सैल दोरीने सरळ रेषेत दुडकी चालवून बघा. पाहणारा माणूस पकडणाऱ्याहून वेगळा असावा. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली टाकतो. सरळ रेषेत काही दिसले नाही तर मोठ्या वर्तुळात डावीकडे आणि उजवीकडे एकेक फेरा घ्या, कारण किंचित दुखणे वळणावर उघडे पडते. या पाहणीत शंका राहिली तर ती आपल्या मनाची समजूत घालून मिटवू नका. दोन आठवडे थांबा आणि पुन्हा बघा.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते थोडे उलगडून सांगतो. हाडांची लांबी ज्या कोवळ्या पट्ट्यांतून वाढते, त्या पट्ट्या वेगवेगळ्या वयात बंद होतात. नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाची पट्टी वर्षाच्या आतच मिटते. गुडघ्याच्या लगेच वरची सुमारे दोन ते अडीच वर्षांत. पाठीच्या कण्यातील पट्ट्या मात्र पाच वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतरही मिटत असतात. म्हणजे आपल्या घोड्याचा पाय या बाबतीत तयार आहे, पाठ नाही. परंतु याचा अर्थ त्याला चार वर्षांपर्यंत उभा ठेवावा असा होत नाही. हाड हे जिवंत आहे आणि त्याच्यावर जसा भार पडतो तसे ते घडते. तबेल्यात बांधून ठेवलेल्या कोवळ्या घोड्यांच्या नळीच्या हाडांतील खनिजाचे प्रमाण घटते आणि नुसत्या चालण्याने ती घट फारशी भरून निघत नाही, हे अभ्यासांत दिसून आलेले आहे. थोडा वेळ का होईना, वेगाने धावणे हाडाला हवे असते. आपला घोडा साडेतीन महिने कुरणात उधळत होता, हे त्याच्या हाडांसाठी फार चांगले झाले. पाचही महिने तो तबेल्यात राहिला असता तर मी याहून बराच सावध सल्ला दिला असता.

काम सुरू झाल्यानंतरचा धोका मात्र फार लोक लक्षात घेत नाहीत. नवा भार आला की शरीर आधी जुने हाड खरवडून काढते आणि मग त्या जागी नवे भरते. खरवडणे लवकर होते, भरणे सावकाश. या मधल्या काळात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, हाड तात्पुरते कच्चे असते, आणि नेमका त्याच वेळी घोडा बाहेरून सर्वांत सुंदर दिसत असतो: अंग भरलेले, केस चमकदार, दम उत्तम. मीही या सापळ्यात सापडलो आहे. माझ्या देखरेखीखालच्या एका चार वर्षांच्या घोडीला अशाच विश्रांतीनंतर मी कामाला लावले होते. सातव्या आठवड्यात ती इतकी हलकी आणि आनंदी चालत होती की मी ठरवलेल्या दोन मिनिटांच्या कँटरऐवजी (दुडकीहून वेगाच्या संथ दौडीऐवजी) पाच मिनिटे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच केले. तिसऱ्या दिवशी सकाळी तळवा फिरवताना जुन्या गाठीच्या खालच्या कडेला नाण्याएवढी जागा कोमट लागली. ती लंगडत नव्हती. एवढी कोमट जागा सोडली तर काहीच नव्हते. मी काम थांबवले, पण त्या सहा जादा मिनिटांची किंमत घोडीने दहा आठवडे थांबून भरली. त्या दिवसापासून मी आदल्या रात्री लिहून ठेवलेल्या कामापेक्षा जास्त काम दुसऱ्या दिवशी घेत नाही, घोडा कितीही मागत असला तरी.

आपल्या घोड्यासाठी क्रम असा ठेवता येईल. पहिले चार आठवडे केवळ चाल, आठवड्यातून चार-पाच दिवस; सुरुवातीला वीस मिनिटे आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी चाळीस मिनिटांपर्यंत. पहिला आठवडा स्वाराशिवाय, हाताने धरून. त्यानंतर हलका स्वार. पाचव्या आठवड्यापासून चालीच्या मध्ये एकेका मिनिटाची दुडकी, तीही सरळ रेषेत आणि पाय रुतणार नाहीत इतक्याच मऊ जमिनीवर. दर आठवड्याला तिच्यात दोन-तीन मिनिटांचीच भर. कँटर आठव्या आठवड्याच्या आधी नको आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाहून अधिक नको. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी: वेळ वाढवला तर वेग नाही, वेग वाढवला तर जमीन बदलायची नाही. लांब दोरीवर गोल फिरवणे मात्र पहिले दोन महिने पूर्ण वर्ज्य करा. स्वार नको म्हणून घोडा दोरीवर फिरवला की काम हलके झाले असे पुष्कळांना वाटते, पण लहान वर्तुळात आतल्या पायाच्या आतल्या बाजूवर, म्हणजे नेमका आपल्या घोड्याच्या दुखऱ्या जागी, भार वाढतो.

पाठ अजून वाढते आहे, म्हणून खोगिरासह स्वाराचे वजन कमी ठेवणे आवश्यक आहे. घोड्याच्या वजनाच्या वीस टक्के ही सर्वसाधारण मर्यादा पूर्ण वाढलेल्या घोड्यासाठी सांगितली जाते. आपला घोडा 400 किलोचा असेल तर ती 80 किलो होते, पण या वयात आणि या खंडानंतर मी 60 किलोच्या पुढे जाणार नाही. जुने खोगीर तसेच चढवू नका. पाच महिन्यांत त्याची पाठ बदललेली आहे, आणि खांद्यावर चिमटणारे खोगीर घोड्याला पुढच्या पायांवर जड चालायला लावते. दातही पाहून घ्या. अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येत असतात आणि या वयातील घोडा लगाम झुगारतो, मान वाकडी करतो, तेव्हा पुष्कळदा कारण हट्टाचे नसून तोंडातल्या सैल दाताचे असते. विश्रांतीत नाल काढले असतील तर काम सुरू होण्यापूर्वी नालबंदाला बोलावून खूर सारखे करून घ्या. लांबलेल्या टाचा आणि पुढे गेलेली बोटे यांचा ताण थेट नळीवर येतो.

चंदीच्या बाबतीत एकच सांगतो: काम वाढल्यावर चंदी वाढवा, काम वाढणार आहे म्हणून नव्हे. सुटीच्या दिवशी ती कमी करा, कारण भरपूर धान्य खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याचे मागचे स्नायू दुसऱ्या दिवशी कामाला निघताच आखडण्याचा धोका असतो.

प्रगतीचे मोजमाप दोन ठिकाणी होते. एक, जबड्याच्या हाडाखाली बोटे ठेवून नाडी पंधरा सेकंद मोजणे आणि चारने गुणणे. विश्रांतीत पूर्ण वाढलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. काम थांबल्यावर दहा मिनिटांनी ती 60 च्या खाली आली नाही तर त्या दिवशीचे काम जास्त झाले. दुसरे आणि मला अधिक विश्वासाचे वाटणारे मोजमाप म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. कामानंतर लगेच पाय गरम असणारच. पण रात्रभराच्या विश्रांतीनंतर, कामाला निघण्याआधी, तळव्याला काय लागते तेच खरे. गाठ कोमट लागली तर घोडा लंगडो वा न लंगडो, त्या दिवशी खोगीर चढवू नका. जागा थंड होऊन पुढचे तीन दिवस थंड राहिली की एक पायरी मागे येऊन पुन्हा सुरू करा.

तो शिकलेले विसरला असेल ही काळजी करू नका. घोड्याची स्मरणशक्ती चांगली असते आणि पाच महिन्यांनी त्याला स्वाराचा इशारा आठवतो. मात्र त्याला वेदनाही आठवतात. शेवटचे काम त्याने दुखऱ्या पायाने केलेले आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना तो कान मागे टाकतो का, श्वास धरून ठेवतो का, पाठ वर काढतो का, हे पाहा. तसे झाले तर आठवडाभर केवळ खरारा करून, खोगीर चढवून, थोडे चालवून काढून ठेवा. एकदा दुखल्याची आठवण त्याच्या मनातून जायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ चालीच्या चार आठवड्यांत सहज बसतो.

प्रश्न : माझी तीन वर्षांची घोडी चार दिवस तापाने आजारी होती, खोकलाही होता. ताप उतरून आठ दिवस झाले. ती व्यवस्थित खाते आहे. तिला कामाला लावता येईल का?

उत्तर : इतक्यात नाही. जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती, हा जुना ठोकताळा श्वसनाच्या आजारात अजूनही उपयोगी पडतो. त्या हिशेबाने ताप उतरल्यापासून चार आठवडे होतात, आणि मला हा हिशेब जास्त वाटत नाही. अशा संसर्गात श्वासनलिकेच्या आतील बारीक केसांचे अस्तर खराब होते; धूळ आणि कफ बाहेर ढकलण्याचे काम तेच करते. ते नव्याने तयार व्हायला किमान तीन आठवडे लागतात. तोवर घोडीला जोराने श्वास घ्यायला लावले तर धूळ खोलवर जाते आणि खोकला महिनोन्महिने रेंगाळतो. क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज आलेली असते आणि ती वरून दिसत नाही, म्हणून काम सुरू करण्याच्या दिवशी पशुवैद्यांकडून हृदय व छाती तपासून घ्या.

विश्रांती म्हणजे तबेल्यात कोंडणे असा अर्थ घेऊ नका. धूळ नसलेल्या मोकळ्या हवेत ती दिवसभर राहिली तर सर्वांत चांगले. गवत भिजवून आणि जमिनीवर ठेवून द्या, म्हणजे मान खाली राहते व कफ गळून जातो. रोज सकाळी तापमान घ्या. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस हे नेहमीचे आहे. कामाच्या पहिल्या दोन आठवड्यांतही ही नोंद चालू ठेवा, कारण आजार उलटला तर खोकल्याआधी बहुधा ताप दिसतो. पहिल्या दुडकीत एक-दोनदा खोकून ती मोकळी झाली तर चालेल. चाल संपल्यावरही खोकत राहिली, किंवा दुसऱ्या दिवशी नाकातून पिवळसर स्राव दिसला, तर आणखी दोन आठवडे थांबा.

प्रश्न : आमची घोडी सव्वादोन वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिच्यावर काही वेळा स्वार बसवून पाहिला, मग तिला सोडून दिले. आता तिचा पुठ्ठा खांद्यापेक्षा बराच उंच दिसतो. तिला परत केव्हा आणावे?

उत्तर : कोवळी घोडी एकाच वेळी सगळीकडून वाढत नाही, आधी मागून वर जाते, मग पुढून भरून काढते. पुठ्ठा उंच असताना तिच्या पाठीला पुढे उतार येतो, खोगीर खांद्यावर सरकते आणि स्वाराचे वजन आधीच जास्त भार घेणाऱ्या पुढच्या पायांवर जाते. त्यामुळे स्वाराखालचे काम तूर्त थांबवा. एक सरळ काठी घेऊन सपाट जमिनीवर दर पंधरा दिवसांनी खांद्यावरच्या उंचवट्याची आणि पुठ्ठ्याची उंची मोजा व लिहून ठेवा. दोन्ही जवळजवळ सारख्या झाल्या आणि सलग तीन मोजण्यांत तशाच राहिल्या की विचार करा; त्याआधी पुढच्या पायांच्या गुडघ्यांच्या लगेच वर हात फिरवा, तिथे गरम किंवा फुगीर लागले तर वाढीची पट्टी अजून त्रासात आहे.

मधल्या काळात तिला हाताने धरून रोज अर्धा तास फिरवा, पाय उचलून द्यायला शिकवा, खोगीर चढवून उतरवा, अनोळखी जमीन आणि आवाज दाखवा. अडीच वर्षांच्या सुमारास तिचे पुढचे पहिले दुधाचे दात पडतील. त्या आठवड्यांत तोंडात लगाम अजिबात घालू नका, म्होरकीवरच फिरवा.